१ फेब्रुवारी : एका गुलामाच्या मुलाने मिळविलेला दिवस

कॅलेंडरवर लाल आकडा दिसला की आम्हां विद्यार्थ्यांना आनंद होतो तो सुट्टीचा. तो आकडा लाल व्हावा म्हणून कोणी किती खेटे घातले, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही येत नव्हता. गतवर्षी ग्रंथालयात महात्मा फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ हाती आला. १८७३ साली जोतीरावांनी हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला होता. ती अर्पणपत्रिका वाचून मी थबकले. त्या मुक्त झालेल्या लाखो माणसांचे पुढे काय झाले? या प्रश्नाचा माग काढता काढता मला मेजर रिचर्ड रॉबर्ट राइट भेटले. याच नावाचे एक प्रसिद्ध कादंबरीकार होऊन गेले, ते निराळे.

राइट यांचा जन्म जॉर्जिया राज्यातील डाल्टन गावाजवळ १८५५ च्या सुमारास झाला. आई हॅरिएट गुलाम, म्हणून मूलही जन्मतःच गुलाम. त्या काळी जॉर्जियात गुलामाला लिहायला-वाचायला शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता! १८६५ साली यादवी युद्ध संपले आणि ही मायलेकरे स्वतंत्र झाली. पण स्वतंत्र झाली म्हणजे काय? ना जमीन, ना घर, ना पैसा. अशा स्थितीत त्या माउलीच्या मनाने एकच गोष्ट घेतली, ती म्हणजे मुलाची शाळा. अटलांटा शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा निघाली आहे, असे तिच्या कानावर आले आणि मुलांना घेऊन तिने पायी अटलांटा गाठले. ती शाळा सुरुवातीला भरत होती रेल्वेच्या मालडब्यात.

१८६८ मध्ये जनरल हॉवर्ड ही शाळा पाहण्यास आले. उत्तरेकडच्या लोकांना तुमचा काय निरोप सांगू, असे त्यांनी मुलांना विचारले. तेव्हा तेरा वर्षांचा रिचर्ड उभा राहिला आणि आम्ही वर येत आहोत एवढे त्यांना सांगा, असे त्याने सांगितले. कवी व्हिटियर यांनी या प्रसंगावर कविता लिहिली आणि एका गुलामाच्या मुलाचा निरोप देशभर पोचला.

परंतु वर येणे बोलण्याइतके सोपे नव्हते. १८७६ साली अटलांटा विद्यापीठाची पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत राइट पहिले आले. त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. १८८० मध्ये ऑगस्टा येथे निघालेल्या वेअर हायस्कूलचे ते मुख्याध्यापक झाले. कृष्णवर्णीयांसाठी सरकारी खर्चाने चालणारे जॉर्जियातील ते पहिले हायस्कूल. पुढे १८९१ मध्ये सव्हाना येथील नव्या औद्योगिक महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य झाले. ते तिकडे गेल्यावर, १८९७ मध्ये, शिक्षण मंडळाने पैशाचे कारण दाखवून वेअर हायस्कूल बंद केले. गोऱ्यांचे हायस्कूल मात्र चालू राहिले. पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८९९ मध्ये तेथेही निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. ज्या शाळेसाठी एवढे झिजावे, ती अशी एका ठरावाने मिटावी, याचे राइट यांना काय वाटले असेल!

महाविद्यालयातही त्यांचे हात मोकळे नव्हते. कारभार गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती. कृष्णवर्णीय मुलांनी शेती नि सुतारकी शिकावी, उच्च विद्येच्या फंदात पडू नये, असा त्यांचा आग्रह असे. राइट यांना पुष्कळदा नमते घ्यावे लागले. त्याबद्दल त्यांच्याच समाजातून टीकाही झाली. तरी ३० वर्षे त्यांनी ते महाविद्यालय जगविले. मधल्या काळात १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धात ते सैन्यात वेतनाधिकारी झाले. ‘मेजर’ ही उपाधी त्यांना तेव्हाची.

यानंतरचा प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटून बसले. सव्हानामधील एका बँकेत त्यांची मुलगी ज्यूलिया गेली असता, तिने आपल्याला आदराने हाक मारावी असे सांगितले. एवढ्याशा कारणावरून तिचा अपमान आणि धक्काबुक्की झाली. प्राचार्यांची मुलगी ती, पण बँकेतल्या गोऱ्याला तिला मानाने बोलावणे जड गेले. मी शाळेत असताना वडिलांबरोबर एका कचेरीत गेले होते. टेबलापलीकडचा मुलगा माझ्या थोरल्या भावाच्या वयाचा, पण त्याने वडिलांना सरळ ‘अरे’ म्हटले. वडील काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. ज्यूलिया बोलली, हे वाचून मला माझ्या गप्प राहण्याची लाज वाटली.

राइट यांनी या अपमानाला जे उत्तर दिले ते त्यांच्या स्वभावाला शोभणारे होते. १९२१ मध्ये प्राचार्यपद सोडून ते फिलाडेल्फियास गेले आणि मुलामुलीच्या साहाय्याने त्यांनी स्वतःची बँकच चालविली! साठी उलटलेली असताना धंद्याचे शिक्षण घ्यायला ते पुन्हा वर्गात जाऊन बसले. १९२९ नंतरच्या महामंदीत हजारो बँका बुडाल्या. राइट यांची बँक तरली.

आता वय ऐंशीच्या पुढे गेले होते. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे टपाल तिकीट निघावे म्हणून त्यांनी खटपट केली. १९४० मध्ये ते निघाले. कृष्णवर्णीय व्यक्तीचे चित्र असलेले अमेरिकेचे ते पहिले तिकीट. मग त्यांनी शेवटचे काम हाती घेतले. गुलामगिरी संपल्याचा एक दिवस साऱ्या राष्ट्राने पाळावा, हे ते काम.

कोणता दिवस? लिंकन यांचा १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर प्रदेशांपुरताच होता. साऱ्या देशातून गुलामगिरी हद्दपार केली ती तेराव्या घटनादुरुस्तीने. त्या ठरावावर लिंकन यांनी १ फेब्रुवारी १८६५ रोजी सही केली. राष्ट्राध्यक्षांच्या सहीची घटनेप्रमाणे आवश्यकता नव्हती, तरीही त्यांनी ती केली. राइट यांनी हाच दिवस निवडला. हा केवळ कृष्णवर्णीयांचा सण नसावा, गोऱ्यांनीही तो आपला मानावा, अशी त्यांची इच्छा होती. कारण गुलाम ठेवणारा देशही त्या दिवशी एका पापातून सुटला होता. १ फेब्रुवारी १९४२ रोजी फिलाडेल्फियातील स्वातंत्र्याच्या घंटेपाशी पुष्पचक्र वाहून पहिला दिवस साजरा झाला. मग कायदा व्हावा म्हणून पत्रे, भेटीगाठी, खेटे सुरू झाले.

कायदा त्यांनी पाहिला नाही. २ जुलै १९४७ रोजी त्यांचे देहावसान झाले. आपल्या देशाच्या स्वातंत्र्यास तेव्हा अवघा दीड महिना उरला होता. त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला दोन दिवस असताना, ३० जून १९४८ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ‘राष्ट्रीय मुक्ती दिना’च्या कायद्यावर सही केली. मात्र त्या कायद्याने दिवस पाळला जाऊ लागला, सुट्टी मिळाली नाही. गुलामगिरीच्या अंताची राष्ट्रीय सुट्टी अमेरिकेत जाहीर झाली ती थेट १७ जून २०२१ रोजी, आणि तीही १९ जूनची. १८६५ साली त्या तारखेला टेक्सासमधील गुलामांना मुक्तीची वार्ता कळली होती.

मग राइट यांची खटपट वाया गेली का? मला तसे वाटत नाही. राष्ट्राने हा दिवस आठवलाच पाहिजे, ही मागणी त्यांनी कायद्याच्या पुस्तकात नेऊन ठेवली. पुढच्यांना तेथून पुढे जाता आले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माझ्या प्रवेशाच्या दिवशी मजुरी बुडवून आई माझ्याबरोबर आली होती आणि फाटकापाशीच थांबली होती. आत ये म्हटले तर नको म्हणाली. हॅरिएटबाई मुलांना घेऊन अटलांटाच्या वाटेने चालत आहेत, असे जेव्हा मी वाचले तेव्हा मला ते फाटक आठवले. यंदाच्या स्नेहसंमेलनाला मी आईला आत घेऊन येणार आहे, पुढच्या रांगेत.