नाममुद्रेतील मीपण : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे चरित्र

मराठी संतकाव्यातील नाममुद्रा ही एका अर्थाने विसंगतीची जागा आहे. अभंगभर अहंकार टाकण्याचा उपदेश करावयाचा आणि शेवटच्या चरणात स्वतःचे नाव गुंफावयाचे, ही परंपरा नामदेवांपासून अखंड चालत आली आहे. विसाव्या शतकात विदर्भातील एका भजनकाराने या मुद्रेसाठी स्वीकारलेले नाव मात्र मीपणाच्या प्रश्नालाच हात घालणारे होते. तुकडोजी महाराजांच्या चरित्राचा विचार प्रस्तुत लेखात या नावाच्या अनुषंगाने केला आहे.

अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी एप्रिल १९०९ मध्ये त्यांचा जन्म झाला. मूळ नाव माणिक, वडिलांचे बंडोजी, आईचे मंजुळाबाई. घरी दारिद्र्य होते आणि शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. बालपणीच वरखेडच्या आडकोजी महाराजांचा सहवास लाभला. तुकारामांचे अभंग आवडीने गाणाऱ्या या मुलाला गुरूंनी यापुढे 'तुका' नव्हे, 'तुकड्या' म्हणून गाण्यास सांगितले, असे परंपरा सांगते. माणिक म्हणजे रत्न आणि तुकडा म्हणजे भिक्षेत पडणारा भाकरीचा कुटका. मौल्यवान नाव जाऊन क्षुल्लक नाव आले. आडकोजी महाराजांनी १९२१ मध्ये देह ठेवला. त्यानंतर या मुलाने रामटेक, सालबर्डी, रामदिघी या परिसरातील अरण्यांत साधनेसाठी भ्रमंती केली.

या नावाचा अर्थ केवळ नम्रतेपाशी थांबत नाही. सांख्यांच्या मते अहंकार हा महत्तत्त्वापासून उत्पन्न होणारा प्रकृतीचा विकार होय, आणि मन व इंद्रिये त्यापासूनच निर्माण होतात. वेदान्त त्याची गणना मन, बुद्धी व चित्त यांच्यासह अंतःकरणात करतो आणि देहादिकांवर आत्मत्वाचा अध्यास होणे यात बंधाचे मूळ पाहतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात जीवाला ईश्वराचा अंश म्हटले आहे. निरवयव ब्रह्माचे खरोखर तुकडे पडू शकत नाहीत, म्हणून शंकराचार्य या अंशत्वाचा उलगडा जलातील सूर्यबिंब किंवा घटातील आकाश यांच्या दृष्टान्ताने करतात. या पार्श्वभूमीवर 'तुकड्या' या नावाला दोन पदर दिसतात. मी तुटक आहे, ही जाणीव म्हणजे उपाधीने निर्माण केलेला भ्रम. मात्र तुकडा म्हटले की अखंडाचे स्मरण अपरिहार्य ठरते. स्वतःला तुच्छ मानणे हेही मीपणाचेच एक रूप आहे. स्वतःला कोणाचा तरी अंश मानणे ही त्यातून सुटण्याची वाट होय.

ही वाट त्यांनी एकान्तात संपविली नाही, हे त्यांच्या चरित्राचे वैशिष्ट्य आहे. १९३५ मध्ये सालबर्डी येथे त्यांच्या नेतृत्वाखाली मोठा यज्ञ झाला आणि त्याच वर्षी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. खंजिरीच्या तालावरील भजनांनी खेडोपाडी जनसमुदाय जमू लागला. साधकाच्या अहंकाराची खरी परीक्षा अरण्यात होत नाही, ती गर्दीत होते. याच गर्दीसाठी त्यांनी सामुदायिक प्रार्थनेची पद्धती रूढ केली. तीत समोर कोणत्याही देवाची मूर्ती नसते. असते ते फक्त एक रिक्त आसन, ज्याला अधिष्ठान म्हणतात. वेदान्तात अधिष्ठान हा शब्द ज्याच्यावर भ्रम भासतो त्या सत्यवस्तूसाठी योजला जातो. ज्या जागी गुरूने बसावे अशी भक्ताची सहज अपेक्षा असते, ती जागा येथे मोकळी ठेवलेली आहे.

१९४२ च्या आंदोलनात चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाले. त्यांच्या भजनांनी लोक प्रक्षुब्ध होतात, असा सरकारचा ग्रह होता. ऑगस्टमध्ये त्यांना चांदा येथे अटक झाली. प्रथम नागपूर व नंतर रायपूर येथील कारागृहात त्यांना ठेवण्यात आले आणि डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली. सुटकेनंतर या कीर्तीचे राजकीय भांडवल करणे सहज शक्य होते. तथापि त्यांनी ग्रामसंघटन, श्रमदान, व्यसनमुक्ती आणि अस्पृश्यतानिवारण या कार्यांकडे मोर्चा वळविला. कर्म सोडावयाचे नाही, कर्तृत्वाचा अभिमान सोडावयाचा, या गीताविचाराचे हे लोकजीवनातील रूप म्हणता येईल.

१९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली ग्रामगीता ही या विचाराची परिणत अवस्था होय. ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्यांच्या या ग्रंथात गाव हाच देव मानला आहे. जीव ज्या अखंडाचा अंश, ते अखंड येथे पाणवठा, रस्ता, शाळा आणि शेजारी यांच्या रूपाने दिसू लागते. सामुदायिक सफाईत झाडू हाती घेणारा मनुष्य अहंकाराची मीमांसा करीत नाही, परंतु जात आणि प्रतिष्ठा यांवर पोसलेले त्याचे मीपण तेवढ्या वेळेपुरते तरी सैल होते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. व्यक्तीचा अहंकार समुदायात विरघळला, तर समुदायाचाच अहंकार उभा राहणार नाही काय? शिवाय या अंशरूप नावाला बिरुदेही चिकटली. ते राष्ट्रसंत म्हणून ओळखले गेले. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेत ते सहभागी झाले आणि १९५६ मध्ये भारत साधू समाजाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. वेदान्ताला जीवन्मुक्तातही व्यवहारापुरता अहंकार मान्य आहे. जळालेल्या दोराचा पीळ दिसतो, पण तो दोर बांधू शकत नाही. महाराजांची पदे या कोटीतील होती की नाही, याचा निर्णय चरित्रकाराने करावयाचा नसतो. त्याच्या हाती पुरावा एवढाच, की कीर्ती वाढत गेली तरी त्यांच्या रचनांतील मुद्रा बदलली नाही. तिच्या मागे राष्ट्रसंत आला नाही, ती अखेरपर्यंत 'तुकड्यादास' हीच राहिली. समुदायाविषयीच्या आक्षेपाचे उत्तर मात्र त्यांच्या चरित्रात पुरे होत नाही. अधिष्ठान रिक्त ठेवण्याचे भान अनुयायी किती जपतात, यावर ते अवलंबून आहे.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. आज पदवीपत्रांवर हे नाव असते. विद्या हे अहंकाराचे एक बलवत्तर आश्रयस्थान असल्याचे आपल्या परंपरेने वारंवार बजावले आहे. अशा वेळी विद्येच्या प्रमाणपत्रावर तुकड्याचे नाव असावे, ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकाला आपले ज्ञानही अंशच असल्याची आठवण करून देणारी आहे.