रूझवेल्ट यांना सावरणारे पाणी

अमेरिकेच्या अध्यक्षपदी चार वेळा निवडून आलेले एकमेव नेते म्हणजे फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट. मात्र आयुष्याची अखेरची सुमारे २४ वर्षे त्यांना आधाराशिवाय चालता आले नाही. या काळात त्यांना पाण्याने मोठा दिलासा दिला.

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे एका सधन कुटुंबात झाला. १९२० मध्ये उपाध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना पराभव पत्करावा लागला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅनडातील कॅम्पोबेलो बेटावर ते तापाने आजारी पडले आणि दोन्ही पायांतील शक्ती गेली. डॉक्टरांनी पोलिओचे निदान केले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते.

जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील झऱ्यात पोहून एका पोलिओग्रस्त तरुणाला गुण आल्याचे समजल्यावर ऑक्टोबर १९२४ मध्ये रूझवेल्ट तेथे पोहोचले. जमिनीवर निकामी ठरलेले पाय त्या पाण्यात हलू लागले.

यामागे चमत्कार नव्हता. पाण्याच्या उत्प्लावक बलामुळे कमरेपर्यंतच्या पाण्यात पायांवर शरीराचा सुमारे निम्माच भार येतो. छातीपर्यंतच्या पाण्यात तो एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो. पाण्याचा चहूबाजूंचा दाब शरीराला आधार देतो. हालचालीचा वेग वाढेल तसा पाण्याचा रोध वाढतो आणि स्नायूंना व्यायाम घडतो. झऱ्याचे पाणी सुमारे ३१ अंश सेल्सिअस असल्याने रुग्णांना थंडी न वाजता बराच वेळ व्यायाम करता येई.

१९२६ मध्ये रूझवेल्ट यांनी आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा खर्चून ही जागा विकत घेतली आणि १९२७ मध्ये तेथे पोलिओग्रस्तांसाठी प्रतिष्ठान स्थापन केले. पाण्याखालील टेबलावर रुग्णाला झोपवून प्रशिक्षित कर्मचारी त्याच्या एकेका स्नायूला व्यायाम देत.

या उपचारांनाही मर्यादा होत्या. पोलिओने नष्ट झालेल्या चेतापेशी पाण्याने परत येत नाहीत. शिल्लक राहिलेले स्नायू तेवढे बळकट होतात. रूझवेल्ट यांचे पाय पूर्ववत झाले नाहीत. पोलादी पट्ट्या, काठी आणि कोणाचा तरी दंड यांच्याच आधाराने ते उभे राहत. त्यातच वर्णभेदाच्या त्या काळात वॉर्म स्प्रिंग्जचे दरवाजे कृष्णवर्णीय रुग्णांना बंद होते. त्यांच्यासाठी अलाबामातील टस्कीगी येथे स्वतंत्र केंद्र सुरू होण्यास १९४१ उजाडावे लागले.

मात्र या जलोपचारांनी रूझवेल्ट यांचा आत्मविश्वास परत आणला. १९२८ मध्ये ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. १९३८ मध्ये त्यांनी पोलिओविरोधी राष्ट्रीय संस्था उभारली. जोनास साल्क यांच्या लसीला याच संस्थेने अर्थबळ पुरवले.

१२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथेच मेंदूतील रक्तस्रावाने रूझवेल्ट यांचे निधन झाले. बरोबर दहा वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ रोजी, साल्क यांची लस सुरक्षित व परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. लसीमुळे पोलिओ हटत गेला, तरी पाण्यातील व्यायामाचे महत्त्व कमी झालेले नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा पक्षाघातानंतर पुन्हा चालायला शिकणाऱ्या रुग्णांना पाण्याच्या याच गुणधर्मांचा आजही उपयोग होतो.