सागरतळीचा चिखल आणि हेकेल

अर्न्स्ट हेकेल हे नाव आज जीवशास्त्राच्या वर्गाबाहेर क्वचितच ऐकू येते. त्याने रूढ केलेले शब्द मात्र शाळकरी मुलांनाही पाठ असतात. व्हिटाकरने १९६९ मध्ये मांडलेल्या पंचसृष्टी वर्गीकरणातील मोनेरा आणि प्रोटिस्टा ही दोन्ही नावे मूळची हेकेलची. ‘इकॉलॉजी’ हा शब्दही त्यानेच १८६६ मध्ये योजिला. ‘इकॉनॉमिक्स’ या शब्दात घर या अर्थाचा जो ग्रीक शब्द दडलेला आहे, तोच येथेही आहे. दोन्ही शास्त्रांच्या पंडितांना या नात्याची आठवण फारशी राहिलेली दिसत नाही, हा भाग वेगळा. अशा या शब्दप्रभूची जीवोत्पत्तीची कल्पना मात्र एका बाटलीतील चिखलावर येऊन अडखळली. तिचे मूळ त्याच्या हातातील कुंचल्यात शोधावे लागते.

हेकेलचा जन्म १८३४ साली पॉट्सडाम येथे झाला. वडिलांच्या इच्छेखातर तो वैद्यकी शिकला, पण रोग्यांत त्याचे मन रमेना. १८५९ मध्ये तो इटलीत गेला आणि तेथील निसर्गदृश्ये रंगविण्यात इतका बुडाला, की शास्त्र सोडून चित्रकारच व्हावे असे त्याला वाटू लागले. हा पेच मेसिनाच्या समुद्राने सोडविला. तेथील पाण्यात तरंगणाऱ्या रेडिओलारिया या एकपेशीय जीवांचे सांगाडे सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीच्या द्रव्याचे असतात. गोलात गोल, त्यावर नाजूक जाळी आणि जाळीतून चहूकडे फुटलेले काटे. एखाद्या कसबी सोनारालाही हेवा वाटावा असे हे काम! एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून दुसऱ्या डोळ्याने कागदावर रेखाटन करण्याची हातोटी हेकेलला साधली होती, असे सांगतात. १८६२ मध्ये या जीवांवरील त्याचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात शंभराहून अधिक नव्या जाती होत्या. त्याच वर्षी येना विद्यापीठात तो प्राध्यापक झाला.

१८६४ मध्ये, नेमक्या त्याच्या तिसाव्या वाढदिवशी, त्याची पत्नी अ‍ॅना वारली. या आघातानंतर त्याने स्वतःला कामात गाडून घेतले आणि १८६६ मध्ये सजीवांच्या रचनेवरील आपला द्विखंडात्मक ग्रंथ पुरा केला. डार्विनने जाती कशा बदलतात ते सांगितले होते. पहिला जीव कोठून आला, या प्रश्नाला मात्र त्याने आपल्या ग्रंथात बगल दिली होती. त्याच सुमारास पाश्चरने उकळलेल्या व हवेतील जंतूंपासून जपलेल्या रसात जीव आपोआप उपजत नाहीत, हे दाखवून दिले. हेकेलचे म्हणणे असे, की आज उपजत नसतील. पण पृथ्वीच्या बाल्यावस्थेत एकदा तरी निर्जीवातून सजीव निर्माण झालाच पाहिजे, एरवी चमत्कार मानावा लागेल. तो पहिला जीव केंद्रक नसलेला, अवयव नसलेला, केवळ जीवद्रव्याचा गोळा असणार. त्याला त्याने ‘मोनेरा’ म्हटले. तर्क येथवर निकोप होता.

आणि मग तो गोळा सापडला! अटलांटिकच्या तळाचा गाळ १८५७ मध्ये इंग्रज आरमाराच्या एका जहाजाने वर काढला होता व तो मद्यार्कात राखून ठेवलेला होता. १८६८ मध्ये टी. एच. हक्स्लेने तो पुन्हा तपासला, तेव्हा त्यात एक चिकट, पारदर्शक पदार्थ दिसला. तो आदिजीवच होय असे मानून त्याने त्याला हेकेलच्या सन्मानार्थ ‘बॅथिबियस हेकेली’ असे नाव दिले. हेकेलने त्याचीही चित्रे काढली. साऱ्या सागरतळावर या जिवंत पदार्थाची साय पसरली आहे, अशी कल्पना यातून उभी राहिली.

१८७२ च्या अखेरीस ‘चॅलेंजर’ जहाज महासागरांच्या संशोधनासाठी निघाले. ताज्या गाळात बॅथिबियस कोठेच मिळेना. जहाजावरील रसायनज्ञ ब्युकॅनन याने समुद्राच्या पाण्यात मद्यार्क ओतून पाहिला आणि तो ‘जीव’ बाटलीत तयार झाला. तो कॅल्शियम सल्फेटचा साका होता! हक्स्लेने १८७५ मध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली. हेकेल मात्र पुढेही काही वर्षे त्याची वकिली करीत राहिला. चित्र एकदा हातून उतरले, की ते खरे असलेच पाहिजे, असा हा हट्ट होता.

हा दोष एवढ्यावर थांबला नाही. कुत्रा, कोंबडी व कासव यांचे गर्भ आरंभी सारखे दिसतात हे पटविण्यासाठी १८६८ च्या ग्रंथात त्याने एकच ठसा तीनदा छापला. टीका झाल्यावर पुढील आवृत्तीत तो बदलला. मानववंशांची त्याने रचलेली उतरंड तर याहून घातक. तीत त्याचा स्वतःचा वंश सर्वांत वर होता, हे सांगावयास नकोच. त्याची पुस्तके स्वस्त आवृत्त्यांतून लाखोंच्या संख्येने खपली. सत्य आणि भ्रम एकाच वेष्टनात घरोघर गेले.

तरीही त्याचा प्रश्न खोटा नव्हता. १९२४ मध्ये ओपारिनने व १९२९ मध्ये हॉल्डेनने तोच पुन्हा रसायनाच्या भाषेत मांडला, आणि १९५३ मध्ये मिलरच्या वायुमिश्रणात विजेच्या ठिणग्यांनी अमिनो आम्ले तयार झाली.

बॅथिबियसचा निकाल लावणाऱ्या ‘चॅलेंजर’नेच हेकेलला त्याचे सर्वांत भक्कम काम मिळवून दिले, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. त्या जहाजाने आणलेल्या रेडिओलारियांवर त्याने दहा वर्षे घालविली. सुमारे साडेतीन हजार नव्या जातींचा हा वृत्तांत १८८७ मध्ये निघाला. याच काळात, सिलोनला जाताना, १८८१ च्या नोव्हेंबरात तो आठवडाभर मुंबईत राहिला होता. १८९९ ते १९०४ या काळात त्याची निसर्गातील कलारूपांची शंभर चित्रे प्रसिद्ध झाली. त्यांतील एका जेलीफिशला त्याने अ‍ॅनाचे नाव दिले आहे. पॅरिसच्या १९०० च्या प्रदर्शनाचे भव्य प्रवेशद्वार बिने या वास्तुकाराने रेडिओलारियाच्या आकारावरून उभारले. मेसिनाच्या पाण्यातील अदृश्य सांगाड्याखालून आता माणसे ये-जा करू लागली.

१९१७ मध्ये, ऐंशी वर्षे उलटल्यावर, त्याने शेवटचे पुस्तक लिहिले ते स्फटिकांच्या आत्म्यावर. निर्जीव स्फटिकातही त्याला चैतन्य दिसू लागले होते. ९ ऑगस्ट १९१९ रोजी येना येथील आपल्या घरी तो निवर्तला. घराचे नाव त्याने जेलीफिशवरून ‘व्हिला मेडुसा’ असे ठेवले होते.