बर्ट मन्रो
हर्बर्ट जेम्स तथा बर्ट मन्रो (जन्म : २५ मार्च १८९९, इन्व्हरकार्गिल, मृत्यू : ६ जानेवारी १९७८) हे न्यूझीलंडमधील मोटारसायकलस्वार व यंत्रकारागीर होते. १९२० साली घेतलेल्या एका साध्या मोटारसायकलचे इंजिन त्यांनी पुढील सुमारे चार दशके स्वतःच्या हातांनी पुन्हापुन्हा बांधले आणि अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर १९६२, १९६६ व १९६७ साली जागतिक विक्रम नोंदवले. त्यांतील १९६७चा विक्रम आजही अबाधित आहे. आहे ती गाडी चालवण्याचा आनंद घ्यायचा, की ती अधिक वेगवान करण्यासाठी तिचे इंजिन खोलून बसायचे, हा मोटारसायकल बाळगणाऱ्या अनेकांना पडणारा प्रश्न आहे. मन्रो यांनी त्याचे उत्तर देण्यात आयुष्य वेचले.

त्यांचे नाव मूळ इंग्रजी लेखनात ‘ई’ या अक्षराने लिहिले जात असे. १९५७ साली एका अमेरिकी नियतकालिकाने ते चुकून ‘यू’ने छापले, आणि मन्रो यांनी ती चूकच कायमची स्वीकारली. देवनागरीत हा फरक दिसत नाही.

पूर्वायुष्य

मन्रो यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच दगावली. हे मूलही दोन वर्षांपलीकडे जगेल अशी आशा डॉक्टरांना नव्हती. इन्व्हरकार्गिलच्या पूर्वेस एडनडेल येथे कुटुंबाची शेती होती व तेथेच ते वाढले. घरातील सर्वांत वेगवान घोडा वडिलांचा रोष पत्करून शेतातून भरधाव सोडणे हा त्यांचा बालपणीचा छंद होता. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा जग पाहण्याच्या ओढीने ते सैन्यात जाण्यास उत्सुक होते, परंतु युद्ध संपेपर्यंत त्यांना शेतीवरच राहावे लागले. त्यानंतर काही काळ त्यांनी दक्षिण बेटावरील ओटिरा बोगद्याच्या कामावर मजुरी केली. पुढे वडिलांनी नवी शेती घेतल्यावर त्यांना पुन्हा घरी बोलावण्यात आले.

इंडियन स्काउट

१९२० साली मन्रो यांनी ‘इंडियन’ कंपनीची स्काउट ही गाडी विकत घेतली. या नावामुळे भारतीय वाचकाचा गैरसमज होण्याचा संभव आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथील ही कंपनी. तिच्या नावाचा व बोधचिन्हाचा संबंध अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी आहे, भारताशी नाही. चार्ल्स फ्रँकलिन यांनी रचलेल्या या गाडीला ६०० घनसेंटिमीटर क्षमतेचे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी मांडणी असलेले दोन सिलिंडरांचे इंजिन होते. क्लच पायाने आणि गिअर हाताने टाकायचे. तिचा कमाल वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर होता. खडबडीत रस्त्यांच्या त्या काळात तो पुरेसा होता. तक्रार न करणारी, रोज चालवावी अशी गाडी म्हणून स्काउटची ख्याती होती. मन्रो यांनीही पहिली काही वर्षे ती तशीच चालवली.

१९२६ साली त्यांनी इंजिन उघडले. त्यानंतर ते कायमचे बंद असे कधी झालेच नाही.

मूळ इंजिनात झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. ही रचना स्वस्त व टिकाऊ असते, पण हवा-पेट्रोलच्या मिश्रणाला आत शिरताना वळसा घ्यावा लागतो आणि त्यामुळे इंजिनाच्या ताकदीला मर्यादा पडते. मन्रो यांनी झडपा सिलिंडरच्या माथ्यावर आणल्या. झडपा उघडमिट करणाऱ्या मूळच्या दोन कॅमच्या जागी चार कॅमची योजना केली. क्षमता वाढवत वाढवत अखेरीस ९५० घनसेंटिमीटरपर्यंत नेली. चाकाकडे ताकद पोहोचवण्यासाठी तिपदरी साखळी बसवली.

वेग वाढवण्याच्या कामाचे एक वैशिष्ट्य असे की ते पुरे झाले असे कधी म्हणता येत नाही. दाब वाढवला की उष्णता वाढते व पिस्टन वितळतो. पिस्टन सुधारला की पिस्टन व फ्लायव्हील यांना जोडणारा दांडा तुटतो. तो मजबूत केला की क्लच घसरू लागतो. जो भाग काल पुरेसा होता तोच आज सर्वांत कच्चा ठरतो. व्यावसायिक कारखान्याकडून असे भाग घडवून घेण्याइतका पैसा मन्रो यांच्याजवळ नव्हता. म्हणून त्यांनी जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत धातू ओतला व पिस्टन स्वतः घडवले. सिलिंडर, फ्लायव्हील हेही त्यांच्याच हातचे होते. सूक्ष्म मोजमापासाठी ते चाकाच्या जुन्या आरीचा उपयोग करीत. या साधनांनी बनलेले भाग वारंवार फुटत, आणि फुटलेला प्रत्येक भाग ते जपून ठेवीत. शेडमधील फळीवर मांडलेल्या या भग्नावशेषांना त्यांनी वेगाच्या देवतेला वाहिलेला नैवेद्य असे नाव दिले होते. त्यात विनोद होता. परंतु ती फळी पाहिली म्हणजे प्रत्येक सुधारणेची किंमत किती मोठी होती याची कल्पना येते.

दिवसा विक्रेता, रात्री कारागीर

मन्रो काही काळ व्यावसायिक शर्यतपटू होते. जागतिक मंदीच्या सुरुवातीस ते शेतावर परतले आणि पुढे मोटारसायकलींचे विक्रेते व मेकॅनिक म्हणून काम करू लागले. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या विकायच्या, रात्री स्वतःचे इंजिन बांधायचे आणि सकाळी पुन्हा कामावर जायचे, असा त्यांचा क्रम होता. स्काउटच्या जोडीला १९३६ सालची एक व्हेलोसेट मोटारसायकलही त्यांनी याच पद्धतीने वेगासाठी घडवली.

त्यांचा विवाह झाला होता व त्यांना चार अपत्ये होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पतिपत्नी विभक्त झाले. त्यानंतर मन्रो यांनी नोकरीही सोडली आणि ते इन्व्हरकार्गिलमध्ये गाडी ठेवण्याच्या एका लहानशा शेडमध्येच राहू लागले. एकाच खोलीत बिछाना, हत्यारे आणि दोन मोटारसायकली होत्या. एका दशकात आपण रोज १६ तास काम केले व नाताळच्या दिवशी मात्र दुपारनंतर सुटी घेतली, असे ते सांगत. कुटुंब दुरावण्यास केवळ इंजिन कारणीभूत झाले असे म्हणणे योग्य होणार नाही. तथापि रात्रीचे हे तास घरातूनच वजा होत होते, हेही नाकारता येत नाही. मन्रो यांच्या कौतुकाने भरलेल्या लेखनात या बाजूकडे बहुधा दुर्लक्ष होते.

मग गाडी चालवणे केव्हा? इन्व्हरकार्गिलजवळचा ओरेटी समुद्रकिनारा हे त्याचे उत्तर होते. भरतीचे पाणी ओसरल्यावर तेथे लांबच लांब कडक वाळूची पट्टी मिळते. मन्रो यांनी तेथे शर्यती केल्या, चाचण्या घेतल्या, आणि घडवलेला भाग टिकतो की नाही याचा निकालही तेथेच लागत असे. १९३८ साली त्यांनी न्यूझीलंडमधील पहिला विक्रम केला व नंतर आणखी सात राष्ट्रीय विक्रम त्यांच्या नावावर जमा झाले. १९५७ साली ओरेटीच्या वाळूवर त्यांची गाडी ताशी २११ किलोमीटर वेगाने धावली. याच दशकाच्या अखेरीस त्यांना हृदयविकाराचे निदान झाले.

बॉनव्हिल

अमेरिकेतील यूटा राज्यात बॉनव्हिल येथे आटलेल्या प्राचीन सरोवराचे सपाट, पांढरे मिठाचे मैदान आहे. वेगाच्या विक्रमांसाठी जगभरातून लोक तेथे येतात. मन्रो एकूण दहा वेळा तेथे गेले. पहिली फेरी केवळ पाहण्यासाठी होती. उरलेल्या नऊ फेऱ्यांत ते धावण्यासाठी उतरले. समुद्रापार गाडी पाठवण्याचा खर्च त्यांनी काटकसरीने भागवला.

१९६२ साली ८५० घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन वापरून त्यांनी ८८३ घनसेंटिमीटर गटात ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६६ साली ताशी २७० किलोमीटरचा दुसरा विक्रम झाला. २६ ऑगस्ट १९६७ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, सत्तेचाळीस वर्षे जुन्या गाडीवर बसून त्यांनी १००० घनसेंटिमीटरखालील गटात ताशी २९५.४५ किलोमीटर ही सरासरी गाठली. त्यापूर्वीच्या पात्रता फेरीत एका दिशेने त्यांचा वेग ताशी ३०५.८९ किलोमीटर नोंदला गेला होता.

विक्रमासाठी ठरावीक अंतर दोन्ही दिशांनी कापावे लागते व दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढली जाते. मन्रो यांच्या वेगाने एक मैल कापण्यास सुमारे २० सेकंद लागतात. १९२६ पासूनची एक्केचाळीस वर्षे या सेकंदांच्या तयारीत गेली होती. मात्र मन्रो यांच्यापुरते घडवणे आणि चालवणे हे दोन वेगळे उद्योग नव्हतेच. कारखान्यात तयार झालेली वेगवान गाडी घेऊन विक्रमाच्या मागे लागण्यात त्यांना रस दिसत नाही; आणि इंजिन बांधून ते शेडमध्ये शोभेसाठी ठेवण्यातही नाही. दुसरीकडे हेही खरे की, वाऱ्याचा अडथळा कमी करणारे निमुळते कवच चढवलेली ती स्काउट आता रोज फिरायला नेण्याची गाडी राहिली नव्हती. तो आनंद त्यांनी फार पूर्वीच मोजून दिला होता.

अखेरची वर्षे

१९७७ साली मन्रो यांना अर्धांगाचा झटका आला. हातापायांचा ताळमेळ पूर्वीसारखा राहिला नाही आणि गाडी चालवणे अशक्य झाले. या अवस्थेने ते त्रस्त झाले. आपल्या दोन्ही मोटारसायकली साउथलंड प्रांतातच राहाव्यात अशी त्यांची इच्छा असल्याने त्यांनी त्या इन्व्हरकार्गिलमधील नॉर्मन हेज या व्यापाऱ्यांना विकल्या. पुढच्याच वर्षाच्या आरंभी, ६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी मन्रो यांच्या हयातीतच त्यांच्यावर माहितीपट केला होता. २००५ साली त्यांनीच ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा चित्रपट काढला. त्यात अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो यांची भूमिका केली. चित्रपटात अनेक वर्षांच्या फेऱ्या एकाच प्रवासात गुंफल्या आहेत, त्यामुळे मन्रो पहिल्याच भेटीत विक्रम करून परतले असा समज होतो. तो बरोबर नाही. २००६ साली अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनच्या गौरवदालनात त्यांचा समावेश झाला. त्याच वर्षापासून इन्व्हरकार्गिल परिसरात त्यांच्या नावाने मोटारसायकल शर्यती भरतात.

२०१४ साली मन्रो यांच्या चिरंजिवांना १९६७च्या नोंदीतील सरासरी काढताना झालेली आकडेमोडीची चूक आढळली. ती दाखवून दिल्यावर संघटनेने विक्रम दुरुस्त करून ताशी २९६.२६ किलोमीटर असा नोंदवला. ती स्काउट इन्व्हरकार्गिल येथील ई. हेज अँड सन्स या हत्यारांच्या दुकानात पाहायला मिळते.