बहात्तराव्या वर्षी उमललेली कागदाची फुले

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मेरी डिलेनी नावाच्या एक बाई होऊन गेल्या. त्या राजघराण्यातल्या नव्हत्या, की कोणत्या विद्यापीठात शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी कात्रीने कापून कागदाची ९८५ फुले तयार केली. त्या फुलांच्या संग्रहाचे दहा खंड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवलेले आहेत. यातील पहिले फूल कापले तेव्हा मेरीबाईंचे वय ७२ वर्षांचे होते. ज्या वयात माणसाने कोपऱ्यात स्वस्थ बसावे असे आपण समजतो, त्या वयात त्यांच्या खऱ्या कार्याला आरंभ झाला. घरात वडीलधारी माणसे असलेल्या प्रत्येक कुटुंबाने त्यांची हकीकत जाणून घ्यावी अशी आहे.

मेरीबाईंचा जन्म १४ मे १७०० रोजी विल्टशर परगण्यात झाला. माहेरचे आडनाव ग्रॅनव्हिल. लहान असताना त्या लंडनमध्ये आपल्या आत्याकडे वाढल्या. पुढे राणी ॲन यांच्या दरबारात मुलीला मानाची जागा मिळेल अशी घरच्यांची आशा होती. शाळेत असतानाच त्यांचा हात कागद कापण्यात चांगला होता. परंतु १७१४ साली राणीचे निधन झाले, राजघराणे बदलले आणि ग्रॅनव्हिल कुटुंबाचे दिवस फिरले. सर्वांना लंडन सोडून खेड्यात जाऊन राहावे लागले.

१७१८ साली काकांनी मेरीचे लग्न ठरवले. मुलगी सतरा वर्षांची आणि नवरा अलेक्झांडर पेंडार्व्हस साठीच्या घरात आलेला. तिला विचारतो कोण! दूर कॉर्नवॉलमधल्या जुनाट वाड्यात तिचा संसार सुरू झाला. नवरा संशयी, त्यात दारूचे व्यसन. सात वर्षांनी तो वारला. मृत्युपत्र वेळेवर बदलले नसल्याने विधवेच्या हाती फारसे काही पडले नाही. चोविसाव्या वर्षी मेरीबाई एकट्या झाल्या.

मात्र त्या खचल्या नाहीत. भरतकाम, चित्रकला, शिंपल्यांची नक्षी, संगीत, बागकाम, जे शिकता येईल ते त्या शिकत गेल्या. दुसरे लग्न करण्याची त्यांनी घाई केली नाही. १७४३ साली, त्रेचाळीस वर्षांच्या असताना, पॅट्रिक डिलेनी या आयरिश धर्मोपदेशकाशी त्यांनी स्वतःच्या पसंतीने विवाह केला. नातेवाइकांना तो आवडला नाही. पण आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या डेलव्हिल या घरी दोघांनी पंचवीस वर्षे सुखाने काढली. तेथे मेरीबाईंनी बाग फुलवली, फुले जवळून न्याहाळली आणि ती रेशमावर भरली. पाकळी देठाला कशी जोडलेली असते, पानाची शीर कोठून कोठे जाते, हे त्यांच्या डोळ्यांत व बोटांत मुरले.

१७६८ साली पॅट्रिक वारले. मेरीबाई जवळजवळ अडुसष्ट वर्षांच्या होत्या. पोटी मूलबाळ नव्हते. या दुःखात त्यांना मैत्रिणीने आधार दिला. पोर्टलंडच्या डचेस मार्गारेट यांनी त्यांना दरवर्षी बल्स्ट्रोड येथील आपल्या वाड्यात महिनोन् महिने ठेवून घेतले. डचेसबाईंना वनस्पतींचा व शिंपल्यांचा मोठा नाद होता. कॅप्टन कुक यांच्याबरोबर जगप्रवास करून आलेले जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर हे शास्त्रज्ञ तेथे येत असत. त्यांच्या सहवासात मेरीबाईंना वनस्पतिशास्त्राची गोडी लागली.

१७७२ साली एके दिवशी टेबलावर एक जिरेनियमचे फूल होते आणि शेजारी तांबड्या कागदाचा तुकडा पडलेला होता. दोहोंचा रंग एकच आहे हे मेरीबाईंच्या लक्षात आले. त्यांनी कात्री उचलली आणि एकेक पाकळी कापून फूल जुळवले. इतक्यात डचेसबाई आत आल्या आणि खऱ्या फुलाचे हे काय चालवले आहे असे विचारू लागल्या. ते फूल कागदाचे आहे हे त्यांना ओळखता आले नाही! त्या दिवसापासून मेरीबाईंना दुःख विसरायला लावणारे काम सापडले.

त्याच १७७२ साली पाम्प्लेमूसची आपली सुप्रसिद्ध बाग उभारणारे पिएर प्वाव्र हे बेट सोडून फ्रान्सला परतले. म्हणजे ज्या काळात आपल्या बेटावर मसाल्याची झाडे रुजत होती, त्याच काळात तिकडे ही वृद्ध बाई दूरदूरच्या देशांतून आलेली फुले कागदात उतरवीत होती.

त्यांची पद्धत अशी होती. खरे फूल समोर ठेवायचे. पेन्सिलने रेखाटन न करता केवळ नजरेच्या अंदाजाने रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापायचे. काळ्या रंगाने रंगवलेल्या कागदावर ते एकावर एक चिकटवायचे. काळ्या पार्श्वभूमीमुळे फूल उठून दिसे. उजळ बाजूला फिका तुकडा, सावलीला गडद तुकडा. कृष्णकमळाच्या जातीच्या एका फुलात तर २३० हून अधिक तुकडे आहेत. प्रत्येक चित्रावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, आणि मागे तारीख, ठिकाण व फूल कोणी दिले याची नोंद. ज्या ऋतूत जे फुलेल ते त्या करीत. राजे तिसरे जॉर्ज आणि राणी शार्लट यांनीही क्यूच्या राजोद्यानातून त्यांच्यासाठी दुर्मिळ वनस्पती पाठवल्या. या कागदी फुलांवरून वनस्पतीचे वर्णन करताना चूक होण्याची भीती नाही, असा निर्वाळा बँक्स यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने दिला.

एक हजार फुले पुरी करावीत असा त्यांचा मानस होता. परंतु १७८२ च्या सुमारास दृष्टी अधू झाली. हजाराला पंधरा कमी असताना त्यांनी कात्री खाली ठेवली. नीट दिसत नसताना कसेबसे काम उरकून आकडा गाठणे त्यांनी पत्करले नाही. १७८५ साली डचेसबाई वारल्या, तेव्हा राजाने त्यांना विंडसर येथे राहायला घर आणि वर्षाला ३०० पौंड दिले. १५ एप्रिल १७८८ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षे पुरी होण्यास महिनाभर उरला असता, त्यांनी लंडन येथे देह ठेवला. त्यांच्या नात्यातील लेडी लॅनोव्हर यांच्या इच्छेनुसार १८९७ साली हे खंड ब्रिटिश म्युझियमला मिळाले.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? म्हाताऱ्या माणसांचा वेळ जावा म्हणून काहीतरी हाती द्यावे असे आपण म्हणतो. मेरीबाईंना वेळ घालवायचा नव्हता. त्यांना अवघड, चोख आणि लोकांना उपयोगी पडेल असे काम हवे होते, आणि मैत्रिणीने त्यांच्या कामाला मान दिला. आपल्या घरातील आजीलाही करमणुकीपेक्षा अशा मानाची अधिक गरज आहे. जिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या, गजरे गुंफले, गणपतीचे मखर सजवले, तिची बोटे अजून पुष्कळ जाणतात.

चक्रीवादळाच्या दिवसांत दारे-खिडक्या लावून घरात बसावे लागते, तेव्हा हा उद्योग करून पाहावा. काळा जाड कागद, रंगीत कागद, मैद्याची खळ आणि बोटांना न रुतणारी कात्री एवढेच साहित्य लागते. आरंभी जास्वंद किंवा चाफा यांसारखे मोठ्या पाकळ्यांचे फूल घ्यावे. डिसेंबरात फ्लाम्बोयां लाल होतो, तेव्हा त्याची एक पाकळी समोर ठेवावी. आजीने रंग निवडावा आणि आकार सांगावा. हात थरथरत असेल तर नातवंडांनी कापावे. फुलाचे नाव आजीने मराठीत सांगावे आणि नातवाने ते देवनागरीत खाली लिहावे, तारीखही घालावी. असे वर्षभर केले तर घरात एक वही तयार होईल. तिच्यात आपल्या बेटाचे ऋतू असतील, आणि आजीखेरीज घरात कोणाला ठाऊक नसलेली काही नावेही असतील. ती नावे उतरवून घेण्याचे काम मात्र आजी जवळ आहे तोवरच होण्यासारखे आहे.