विश्लेषण : हेमू अधिकारी कोण होते? अडवलेल्या धावांचा हिशेब मागणारा प्रशिक्षक

२०२३ च्या एकदिवसीय विश्वचषकात प्रत्येक सामन्यानंतर भारतीय संघाच्या ड्रेसिंग रूममधला एक व्हिडिओ यायचा. क्षेत्ररक्षण प्रशिक्षक टी. दिलीप त्या दिवशीच्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाच्या गळ्यात पदक घालायचे आणि बाकीचे खेळाडू आरडाओरडा करायचे. मोबाइलवर हे व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिले. पण भारतीय क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणाला एवढा मान फार उशिरा मिळाला. ज्या काळात संघासोबत प्रशिक्षक नावाचा माणूसच नसायचा, त्या काळात हेमू अधिकारी यांनी हा विषय लावून धरला होता.

कोण होते हेमू अधिकारी?

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. वयाच्या १७व्या वर्षी, १९३६-३७ च्या हंगामात गुजरातकडून ते प्रथम श्रेणी क्रिकेट खेळू लागले. पुढे बडोदा आणि नंतर लष्कराचा सेनादल संघ. आडनाव अधिकारी आणि पेशानेही लष्करात अधिकारी; क्रिकेटविश्वात ते लेफ्टनंट कर्नल अधिकारी म्हणूनच ओळखले जात. दुसऱ्या महायुद्धामुळे कसोटी क्रिकेट थांबलं आणि त्यांची उमेदीची वर्षं त्यात गेली. कसोटी पदार्पण झालं तेव्हा ते २८ वर्षांचे होते.

ते पदार्पणही कसलं? नोव्हेंबर १९४७, ब्रिस्बेन, समोर डॉन ब्रॅडमन यांचा ऑस्ट्रेलिया. स्वतंत्र भारताची ही पहिलीच कसोटी. भारत पहिल्या डावात ५८ आणि दुसऱ्या डावात ९८ धावांत गारद झाला.

अडचणीत धावून येणारा फलंदाज

अधिकारी यांच्या फलंदाजीचे आकडे पाहिले तर २१ कसोटी, ८७२ धावा, सरासरी ३१.१४, एक शतक. डोळे दिपावेत असं यात काही नाही. पण या धावा कधी झाल्या ते पाहिलं की चित्र बदलतं.

१९४८ च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला विजय हजारे यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक केलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातल्या दुसऱ्या डावात भारताच्या सहा फलंदाजांना भोपळाही फोडता आला नव्हता. हजारे यांनी १४५ धावा केल्या आणि त्यांना साथ देणारी ५१ धावांची खेळी होती अधिकारी यांची.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटलावर वेस्ट इंडिजने ६३१ धावांचा डोंगर उभा केला. अधिकारी यांनी नाबाद ११४ धावा केल्या. तरी भारताला फॉलोऑन मिळालाच. दुसऱ्या डावात ते पुन्हा नाबाद राहिले आणि कसोटी अनिर्णित सुटली.

ऑक्टोबर १९५२ मध्ये याच मैदानावर भारत-पाकिस्तान यांच्यातली इतिहासातली पहिली कसोटी झाली. भारत ९ बाद २६३. अकराव्या क्रमांकावर गुलाम अहमद आले आणि दोघांनी शेवटच्या जोडीसाठी १०९ धावा जोडल्या. गुलाम अहमद ५० करून बाद झाले, अधिकारी ८१ वर नाबाद. भारताने ती कसोटी एक डाव आणि ७० धावांनी जिंकली. विजयाचं श्रेय १३ बळी घेणाऱ्या विनू मांकड यांना मिळालं, आणि ते रास्तच होतं.

एका मालिकेत चार कर्णधार

१९५८-५९ ची वेस्ट इंडिजविरुद्धची मालिका म्हणजे भारतीय निवड समितीच्या गोंधळाचा नमुना. पाच कसोटींत पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मांकड आणि शेवटी अधिकारी असे चार कर्णधार झाले. दिल्लीत पाचव्या कसोटीसाठी ३९ वर्षांच्या अधिकारी यांना बोलावलं, तोपर्यंत भारत सलग तीन कसोटी हरला होता. त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, लेगस्पिन टाकून तीन बळीही घेतले. कसोटी कारकिर्दीतले त्यांचे बळी एवढेच. सामना अनिर्णित राहिला. त्यानंतरच्या इंग्लंड दौऱ्यावर मात्र कर्णधार म्हणून दत्ता गायकवाड गेले आणि भारत ५-० ने हरला. अधिकारी पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

क्षेत्ररक्षण एवढं महत्त्वाचं का वाटलं?

अधिकारी कव्हरला उभे राहायचे. ऑफ साइडला फटका बसला की चेंडू पहिल्यांदा जातो ती ही जागा. तिथला माणूस चपळ असेल तर गोलंदाजाला हवं तिथे चेंडू टाकता येतो आणि फलंदाज चोरटी धाव घेण्याआधी दोनदा विचार करतो. त्या काळच्या भारतीय संघात असे क्षेत्ररक्षक बोटांवर मोजण्याइतके होते, आणि अधिकारी त्यातलं पहिल्या फळीतलं नाव. अडचण अशी की धावफलकात केलेल्या धावांचा रकाना असतो, अडवलेल्या धावांचा नसतो. कळंबसारख्या तालुक्याच्या गावी टेनिस बॉलचा सामना खेळलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. बॅटिंग कुणी करायची यावर भांडण होतं, पॉइंटला कुणी उभं राहायचं यावर नाही.

भारतासाठी तर हा प्रश्न जास्तच गंभीर होता. आपल्याकडे वेगवान गोलंदाज नव्हते, सगळा भार फिरकीवर. फिरकीला बळी मिळतात ते बहुतेक बॅटजवळच्या झेलांवर. तो झेल सुटला तर बिशनसिंग बेदी किंवा भागवत चंद्रशेखर यांनी कितीही चांगला चेंडू टाकला तरी तो वाया.

१९७१ : ओव्हलवर काय घडलं?

अजित वाडेकर यांचा संघ १९७१ मध्ये इंग्लंडला गेला, तेव्हा अधिकारी व्यवस्थापक होते. तेव्हा व्यवस्थापक म्हणजे पत्रव्यवहार, खर्चाचा हिशेब, समारंभ. अधिकारी यांनी त्यात सरावाची जबाबदारीही घेतली. लष्करी शिस्तीत व्यायाम, झेलांचा आणि फेकीचा भरपूर सराव. काही खेळाडूंना ही शिस्त जाचत असेल, पण सुदैवाने हातात माणसं चांगली होती. हेल्मेटशिवाय फॉरवर्ड शॉर्टलेगला उभा राहणारा एकनाथ सोलकर, स्लिपमध्ये वाडेकर, शिवाय वेंकटराघवन आणि आबिद अली.

पहिल्या दोन कसोटी अनिर्णित. तिसऱ्या कसोटीत ओव्हलवर इंग्लंडने पहिल्या डावात ७१ धावांची आघाडी घेतली होती. दुसऱ्या डावात चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेतले आणि इंग्लंड १०१ धावांत संपला. तो धावफलक नीट वाचा. दहापैकी सात फलंदाज झेलबाद, एक धावबाद. त्रिफळाचीत आणि पायचीत प्रत्येकी एकच. अ‍ॅलन नॉट यांचा सोलकर यांनी पुढे झेपावून जमिनीलगत घेतलेला झेल आजही दाखवला जातो. एक झेल तर बदली खेळाडू जयंतीलाल यांचा आहे. म्हणजे अकराबाहेरचा माणूसही तयार होता. २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने चार गडी राखून सामना जिंकला आणि इंग्लंडमधली पहिली मालिकाही.

याचं सगळं श्रेय एका व्यवस्थापकाला देणं चूक ठरेल. सोलकर यांना चेंडू पकडायला कुणी शिकवलं नव्हतं. २७ कसोटींत ५३ झेल ही उपजत देणगी होती. पण संघाने झेलाला बळीइतकंच मोल द्यायचं, हे कुणीतरी रोज सकाळी मैदानावर घासून घ्यावं लागतं.

मग १९७४ चं काय?

तीन वर्षांनी अधिकारी पुन्हा व्यवस्थापक म्हणून इंग्लंडला गेले. वाडेकरच कर्णधार होते. यावेळी भारत ३-० ने हरला आणि लॉर्ड्सवर ४२ धावांत सर्वबाद झाला. थंड, ओलसर हवेत स्विंग होणाऱ्या चेंडूवर फलंदाजी कोसळते, तेव्हा क्षेत्ररक्षणाची शिस्त काय करणार? संघातली धुसफूसही लपून राहिली नाही. या दौऱ्याने अधिकारी यांच्या पद्धतीच्या मर्यादा दाखवून दिल्या.

पुढे ते तरुण खेळाडूंच्या शिबिरांत रमले. कपिल देव, कर्सन घावरी, रॉजर बिन्नी यांच्या पिढीला त्यांचं मार्गदर्शन मिळालं. भारतीय संघाला स्वतंत्र क्षेत्ररक्षण प्रशिक्षक मिळाला तो रॉबिन सिंग यांच्या रूपाने, २००७ मध्ये. ते पाहायला अधिकारी नव्हते. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. गुलाम अहमद यांच्यासोबतचा शेवटच्या जोडीचा १०९ धावांचा भारतीय विक्रम तेव्हाही त्यांच्याच नावावर होता. तो सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी डिसेंबर २००४ मध्ये ढाक्यात मोडला.