पाटीवर प्वारे, गल्ल्यावर दुसरेच

जोयडा : सुपा गाव आज पाण्याखाली आहे. काळी नदीवर धरण झालं, गाव बुडालं, माणसं रामनगरला आणि इतरत्र वसवली गेली, तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. पूर्वी हा तालुकाच सुपा म्हणून ओळखला जायचा. गाव गेलं, पण नाव गेलं नाही. ते धरणाला चिकटलं. नाव एकीकडे आणि त्या नावाची माणसं दुसरीकडे, ही गोष्ट इथल्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको.

शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका शिंप्याचं असंच झालं. शिंपी म्हटलं तर तो रागावला असता, कारण स्वतःला तो कलावंत समजायचा. पॉल प्वारे त्याचं नाव. फॅशनच्या दुनियेत एके काळी त्याला राजा म्हणत. त्याच्या नावाची पेढी चालू होती, पाटीवर त्याचंच नाव होतं, पण मालकी कंपनीची होती. शेवटी स्वतःचं नाव लावून दुकान टाकायचीही त्याला सोय उरली नाही.

प्वारेचा जन्म 1879 चा, पॅरिसमधला. वडील कापडाचे व्यापारी. शाळा झाल्यावर वडिलांनी त्याला छत्र्या बनवणाऱ्याकडे कामाला लावलं. पोराचं डोकं ताळ्यावर यावं हा हेतू. पण पोरगा छत्र्यांच्या रेशमाचे उरलेले तुकडे घरी आणायचा आणि रात्री एका लाकडी बाहुलीला त्यांचे कपडे करायचा. कपड्यांची चित्रं काढून मोठ्या पेढ्यांना विकता विकता त्याला झाक दूसे या नामांकित पेढीत नोकरी मिळाली. तिथे त्याने काढलेल्या एका लाल अंगरख्याच्या चारशे ऑर्डरी आल्या. पुढे 1901 मध्ये तो वर्थ या पेढीत गेला. वर्थच्या मालकाला राण्यांचे पोशाख करणारे हात होतेच. त्याला रोजच्या वापराचे साधे कपडे करणारा माणूस हवा होता, म्हणजे मेजवानीच्या हॉटेलात बटाट्याची भाजी करणारा आचारी. प्वारेला ते काम फार दिवस मानवलं नाही.

1903 मध्ये त्याने स्वतःची पेढी काढली. भांडवल आईने दिलं. पुढची दहा-अकरा वर्षं त्याची होती.

त्या काळी युरोपातल्या बायका कॉर्सेट नावाच्या दोऱ्यांनी आवळलेल्या कडक अंगीत कंबर कोंबून फिरत. प्वारेने 1906 च्या सुमारास ते कॉर्सेट बाजूला काढलं आणि खांद्यावरून सरळ खाली पडणारे कपडे केले. ज्या देशात साडी आणि लुगडं शेकडो वर्षं कापडाच्या पडण्यावरच चालतं, तिथल्या वाचकाला यात विशेष काय असं वाटेल, पण पॅरिसमध्ये ती क्रांती होती. बायकोचा, देनीझचा, बांधा सडपातळ होता. नवा कपडा आधी तिच्या अंगावर दिसायचा, मग गिऱ्हाइकांच्या. गंमत म्हणजे कंबर सोडवणाऱ्या याच माणसाने 1910 मध्ये घोट्याशी इतका अरुंद घागरा आणला की बायकांना धड पाऊल टाकता येईना.

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात त्याने भारतातली पागोटी पाहिली आणि तो वेडावला. पॅरिसहून आपल्याकडची कारागीर बाई बोलावून त्याने त्यांची बांधणी, चुण्या, घेर सगळं उतरवून घेतलं. काही आठवड्यांत पॅरिसच्या श्रीमंत बायकांच्या डोक्यावर पागोटी आली. ती मूळची कुठली, कुणी बांधलेली, हे विचारायची गरज त्या काळी कुणाला वाटली नाही. 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंनी आवाज उठला आणि कंपनीला मूळ भारतातलं असल्याचं मान्य करावं लागलं. कारण इथे नावाची नोंद झालेली होती. 2019 चं भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांचं मिळून आहे. नाव कुणाचं हे कागदावर असलं की काय फरक पडतो तो असा.

प्वारेला हे कळत नव्हतं असंही नाही. 1911 मध्ये त्याने अत्तरं बाजारात आणली. कपडे करणाऱ्या पेढीने स्वतःचं अत्तर काढायची ती सुरुवात मानली जाते. बाटलीवर मात्र त्याने स्वतःचं नाव घातलं नाही, थोरल्या मुलीचं, रोझीनचं घातलं. बाप म्हणून गोड गोष्ट, पण धंद्याच्या हिशेबाने चूक. कोको शनेलने दहा वर्षांनी स्वतःच्या नावाचं अत्तर काढलं आणि ते नाव अजून विकलं जातंय. दुसऱ्या मुलीच्या, मार्तीनच्या नावाने त्याने चित्रशाळा काढली. गरीब घरातल्या लहान मुलींना तिथे कसलंही शिक्षण न देता, जे दिसेल ते काढा म्हणून सोडलं जायचं. त्यांच्या चित्रांवरून कापडं आणि गालिचे निघत.

1913 मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथल्या दुकानांत त्याच्या नावाची लेबलं लावलेले कपडे सर्रास विकायला होते, आणि त्यातले कितीतरी त्याने कधी केलेच नव्हते. संतापून तो परतला आणि 1914 मध्ये पॅरिसच्या पेढ्यांची संघटना उभी केली, नकलांविरुद्ध लढायला. आपल्या नावाला बाजारात किंमत आहे हे त्याच्याइतकं स्पष्ट त्या वेळी कुणी पाहिलं नव्हतं. तेच नाव दहा वर्षांनी त्याच्या हातून गेलं.

महायुद्ध लागलं. प्वारे सैन्यात गेला, तिथेही कामाला शिंपीकामच. सैनिकांच्या ओव्हरकोटात कापड आणि मजुरी वाचेल असा बेत त्याने करून दिला. दुसऱ्याच्या खर्चात काटकसर त्याला जमायची, स्वतःच्या नाही. परत आला तेव्हा पेढी थंड पडलेली होती आणि जग बदललं होतं. युद्धात बायका कामावर गेल्या होत्या. त्यांना आता चालायला, बस पकडायला सोपे, साधे कपडे हवे होते, आणि शनेल ते देत होती. प्वारे जरीकाम, फर आणि पिसांतच रमलेला.

त्याचा खर्चही जुनाच राहिला. 1911 मध्ये त्याने अरबी कथांच्या थाटाची एक मेजवानी दिली होती, पाहुणे तीनशे. युद्धानंतरही तोच हात. आपल्याच बागेत त्याने नाटकं-नाच सुरू केले आणि त्यात पैसा बुडवला. घरखर्च कुठला आणि पेढीचा खर्च कुठला याची ओळ त्याच्या वहीत बहुधा कधी आखलीच गेली नाही. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा पेढी म्हणजे मालक नव्हे हे शिकतो.

कर्ज वाढलं तशी 1924 मध्ये पेढी भांडवलदारांच्या हाती गेली. प्वारे राहिला तो कपडे काढून देणारा माणूस म्हणून, आणि ख्याती, म्हणजे ज्याला हिशेबात गुडविल म्हणतात ती, कंपनीच्या ताळेबंदात गेली. योगायोग बघा, त्याच 1924 साली शनेलनेही अत्तरांची कंपनी वर्थहायमर बंधूंबरोबर काढली आणि स्वतःकडे फक्त दहा टक्के ठेवले. त्यावरून ती पुढे वर्षानुवर्षं भांडली. पण कपड्यांची पेढी तिने त्या सौद्यात घातली नव्हती. प्वारेकडे बाजूला काढून ठेवलेलं असं काही नव्हतं.

पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये सजावटी कलांचं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. प्वारेने सेन नदीत तीन सजवलेल्या नावा उभ्या केल्या. आमूर, देलीस आणि ऑर्ग अशी त्यांची नावं. हे तिन्ही फ्रेंच शब्द एकवचनात पुल्लिंगी आणि अनेकवचनात स्त्रीलिंगी होतात, म्हणजे नाव ठेवण्यातही चेष्टा. एका नावेत उपाहारगृह, एकीत त्याचा मित्र चित्रकार राउल ड्यूफीने रंगवलेले मोठे पडदे. कंपनीने यासाठी पैसे द्यायला नकार दिला. त्याने स्वतःच्या खिशातून केलं, आणि खिसा फाटकाच होता. त्याच वर्षी त्याने जमवलेली चित्रं लिलावात गेली.

इथे कंपनीला खलनायक करणं सोपं आहे. पण तीन नावांचा खर्च बघून कोणत्याही सावकाराने हात आखडलाच असता. कंपनीची चूक वेगळी होती. तिने नाव विकत घेतलं आणि ज्याच्यामुळे नावाला किंमत होती त्याला ओझं समजली. काटकसर करणाऱ्यांना कपडे काढता येत नव्हते आणि कपडे काढणाऱ्याला काटकसर. भांडणं वाढली, प्वारे बाजूला पडला. 1928 मध्ये देनीझशी घटस्फोट झाला. 1929 मध्ये पेढी बंद पडली आणि उरलेले कपडे चिंध्यांच्या भावात किलोवर गेले.

काही वर्षांनी त्याने पुन्हा छोटं दुकान टाकलं. पाटीवर प्वारे लिहिता येईना, म्हणून दुकानाच्या टेलिफोनचा नंबर हेच नाव ठेवलं, पासी 10-43. तेही फार टिकलं नाही. मधल्या काळात आत्मचरित्र लिहून झालं, नाटकात काम करून झालं, मोठ्या दुकानांसाठी कपडेही काढून झाले. शेवटी तो चित्रं रंगवत बसायचा. हाताला कंप होता, हातात पैसा नव्हता. एप्रिल 1944 मध्ये, पॅरिस अजून जर्मनांच्या ताब्यात असताना, तो वारला.

देनीझने मात्र घटस्फोटानंतरही त्याने तिच्यासाठी केलेले कपडे जपून ठेवले होते. 2005 मध्ये पॅरिसला त्यांचा लिलाव झाला, तेव्हा जगभरातली संग्रहालयं बोली लावायला आली. 2007 मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यातले कपडे घेऊन त्याच्यावर मोठं प्रदर्शन भरवलं. नावही परत बाजारात आलं. दक्षिण कोरियाच्या शिनसेगे या कंपनीने ते विकत घेतलं आणि 2018 मध्ये पॅरिसमध्ये प्वारे नावाने पुन्हा कपड्यांचा शो झाला. त्यासाठी नेमलेली डिझायनर थोड्याच काळात बाहेर पडली. नाव कंपनीकडेच राहिलं.